एकशे साठ चौरस फुटांची नोंद

(स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मजकूर)

नोव्हेंबर 1937मध्ये मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये, म्हणजे एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय ज्या इमारतीत आहे तिथे, ‘आयडियल होम’ नावाचं प्रदर्शन भरलं होतं. आयोजक होती इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स. नमुन्यादाखल सजवलेल्या खोल्या, नव्या धर्तीचं फर्निचर, विजेची उपकरणं, न्हाणीघराच्या फरशा असा सगळा थाट होता. मरीन ड्राइव्हवर तेव्हा इमारती उठत होत्या, दादर-माटुंग्याला फ्लॅट नावाची वस्तू मध्यमवर्गाच्या आवाक्यात येऊ पाहत होती आणि त्या फ्लॅटमध्ये राहायचं कसं हे शिकवणारं कुणीतरी हवंच होतं. लोकांनी गर्दी केली, खोल्या पाहिल्या आणि त्यातले बहुतेक जण संध्याकाळी आपापल्या घरी परतले.

प्रदर्शनातल्या खोल्यांबद्दल आज लिहिता येतं, कारण त्यांचं छापील साहित्य मागे उरलं. लोक ज्या घरांत परतले त्या घरांचं तसं नाही. लालबागच्या एखाद्या खोलीत 1937 साली पलंग कुठल्या भिंतीला होता, ट्रंका कशाखाली सरकवत, दिव्याचं बटण दाराच्या कोणत्या बाजूला होतं, हे सांगणारा कागद सापडणं कठीण. जुन्या घरांच्या अंतर्भागांचा डिजिटल संग्रह करू पाहणाऱ्या कुणालाही पहिली अडचण इथेच येते. आदर्श घराचे पुरावे भरपूर आणि राहत्या घराचे तुटपुंजे.

आदर्श घराचे पुरावे मराठी मुलखातही मुबलक आहेत. पुण्याचे अभियंते र. श्री. देशपांडे यांनी 1930च्या दशकात घरबांधणीवर एकामागून एक पुस्तकं काढली. 1935चं मध्यमवर्गासाठी स्वस्त आणि आरोग्यदायी घरांवरचं आणि 1939चं ‘मॉडर्न आयडियल होम्स फॉर इंडिया’ ही त्यातली बरीच चाललेली. नकाशे आणि सल्ले दोन्ही त्यांत मिळतात. किर्लोस्करांच्या ‘स्त्री’सारख्या मासिकांचे जुने अंक उघडले तर घर कसं ठेवावं याचा उपदेश आणि त्याला लागून जाहिराती. हे सगळं स्कॅन करणं सोपं आहे, आणि म्हणूनच ते आधी होतं. पण ते वाचून 1940चं मराठी घर असंच होतं असं मानणं म्हणजे पाककृतीचं पुस्तक वाचून रोजचा स्वयंपाक ठरवण्यासारखं आहे. नोंदीत ‘उपदेशपर साहित्य’ असा वेगळा शिक्का त्यावर मारायलाच हवा.

इमारतींच्या बाबतीत मुंबईची स्थिती तशी बरी आहे. आर्ट डेको मुंबई ही संस्था 2016पासून शहरातल्या त्या शैलीच्या इमारतींची पद्धतशीर नोंद ठेवते आहे. 2018 साली युनेस्कोने व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींचा समूह जागतिक वारशात घेतला, त्यात 94 इमारती आहेत. ओव्हल मैदानासमोरच्या एम्प्रेस कोर्टचे वास्तुरचनाकार जी. बी. म्हात्रे यांच्या कामावर कमू अय्यर यांनी 2000 साली अख्खं पुस्तक संपादित केलं. रस्त्यावर उभं राहून जे दिसतं त्याची काळजी घेणारे लोक आहेत, नियम आहेत. बृहन्मुंबईची 1995ची वारसा नियमावली अंतर्भागाचं कडक संरक्षण करते ते मुख्यत्वे पहिल्या श्रेणीच्या वास्तूंत, आणि तुमच्या-आमच्या राहत्या इमारती त्या श्रेणीत सहसा बसत नाहीत.

आत काय होतं? घरमालक नूतनीकरण काढतो. जुनं सागवान जोगेश्वरीच्या ओशिवरा बाजारात जातं, पितळ मोडीत जातं आणि बाकीचं राडारोड्यात. उपकरप्राप्त इमारतींचा पुनर्विकास सुरू झाला की हे एका घरापुरतं राहत नाही, चाळीच्या चाळी एका हंगामात रिकाम्या होतात.

बीडीडी चाळी हे याचं सगळ्यात मोठं उदाहरण. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने 1920च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाईल रोड म्हणजे आजचा ना. म. जोशी मार्ग, आणि शिवडी इथे मिळून 207 चाळी बांधल्या. एक खोली 160 चौरस फुटांची. पुनर्विकासात रहिवाशांना 500 चौरस फुटांची घरं मिळणार आहेत आणि वरळीत चाव्या देण्याची सुरुवातही झाली आहे. त्यात हळहळण्यासारखं काही नाही. सार्वजनिक संडासासमोर तीन पिढ्या रांगेत उभ्या राहिलेल्या माणसांना जुन्या खोलीचं सौंदर्य समजावून सांगणं हा उद्धटपणा होईल. पण त्या 160 चौरस फुटांत सात-आठ माणसं कशी राहिली ही माहिती मात्र जतन करण्याजोगी आहे, कारण घराच्या अंतर्रचनेतलं एवढं काटेकोर काम प्रदर्शनातल्या कुठल्याच खोलीत झालेलं नव्हतं.

आणि हे काम वस्तूंच्या यादीत सापडत नाही.

लोखंडी कॉट, पोटमाळा, मोरी, भिंतीतली फळी, कपडे वाळत घालायची दांडी, गोदरेजचं कपाट अशी यादी केली तर त्या काळच्या हजारो खोल्यांची ती एकच यादी होईल. फरक असतो तो मांडणीत. कॉटचे पाय विटांवर चढवले की खाली धान्याचे डबे आणि गाद्यांच्या गुंडाळ्या मावतात. पोटमाळ्यावर अभ्यासाला बसणारा मुलगा आणि खाली रात्रपाळी करून झोपलेला बाप यांच्यात एक फळीच काय ती असते. दुपारी चारला जी जागा माजघर आहे तीच रात्री साडेदहाला झोपायची खोली. घराच्या पाहणीत नेहमी जमिनीचा नकाशा काढतात, पण अशा खोलीचा नकाशा फसवा असतो. तिचा अर्धा संसार उंचीत आहे. चारही भिंतींचे उभे छेद काढल्याशिवाय, कुठली गोष्ट जमिनीपासून किती फुटांवर आहे हे लिहिल्याशिवाय तिथे राहणं कळतच नाही. म्हणून प्रस्तुत वक्त्याचा आग्रह असा की संग्रहातली मूळ नोंद वस्तूची नसावी, जागेची असावी. वस्तूने त्या जागेखाली आपली पोटनोंद घ्यावी. आज बहुतेक संग्रहांत हे नेमकं उलट असतं, कारण त्यांचा साचा संग्रहालयाच्या कपाटातून आलेला आहे.

संग्रहालयांचं ऋण नाकारायचं नाही. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर, कविता लिहिताना ‘अज्ञातवासी’, यांनी 1920च्या सुमारास घरगुती वस्तू गोळा करायला घेतल्या तेव्हा त्या कुणाला जतन करण्याजोग्या वाटत नव्हत्या. अडकित्ते, दिवे, दौती, स्वयंपाकघरातली भांडी, दारांच्या चौकटी. अकाली गेलेल्या मुलाच्या नावाने उभं राहिलेलं राजा दिनकर केळकर संग्रहालय त्यांनी 1975 साली राज्य शासनाला देऊन टाकलं. अडकित्त्यांचं ते दालन पाहून माणूस थक्क होतो. पण एखादा अडकित्ता पानाच्या तबकात राहायचा की सासूच्या उशाशी, हे काचेच्या पेटीत कळायला मार्ग नाही. केळकरांच्या हाती कॅमेरा-फोन नव्हता, आजच्या संग्राहकाच्या हाती आहे. लंडनच्या म्युझियम ऑफ द होमने, ज्याला पूर्वी जेफ्री म्युझियम म्हणत, सामान्य माणसांच्या घरांचे फोटो आणि त्यांनीच केलेली वर्णनं असा वेगळा संग्रह जमवला आहे. तिथे खुर्चीइतकंच महत्त्व खुर्चीवर कोण बसत असे या उत्तराला आहे.

प्रत्यक्ष काम कसं चालतं ते पाहण्यासाठी जमिनीपासून सुरुवात करावी. मुंबई-पुण्याच्या 1930 ते 1960 या काळातल्या घरांत रंगीत नक्षीच्या सिमेंटच्या फरशा सर्रास दिसतात. भारत टाइल्स ही कंपनी 1922 साली फिरोजशा आणि रुस्तम सिधवा यांनी सुरू केली, तेव्हा बाजार परदेशी फरशांचा होता आणि स्वदेशीची हवा होती. ही फरशी भट्टीत भाजत नाहीत. धातूच्या साच्यात पट्ट्यांची जाळी ठेवून प्रत्येक कप्प्यात वेगळ्या रंगाचं पातळ सिमेंट ओततात, जाळी उचलतात, मागून कोरडं मिश्रण भरतात आणि यंत्राने दाब देतात. मग पाण्यात मुरवतात. रंगाचा थर काही मिलिमीटर जाड असल्यामुळे वर्षानुवर्षं झिजूनही नक्षी पुसली जात नाही.

ही झीज नोंदणाऱ्याच्या फार कामाची. कपाट हलवल्यावर खाली गडद, कोऱ्या रंगाचा चौकोन दिसतो, म्हणजे कपाट तिथून दशकानुदशकं हललेलं नाही. मोरीच्या उंबऱ्याशी खोलगट झालेली फरशी, देवघरासमोर पाटाच्या खुरांनी पडलेले चार फिके ठिपके, झोपाळ्याच्या खाली पायाने रेटा दिल्याची पट्टी. दिवा एका बाजूला जमिनीलगत ठेवून तिरप्या उजेडात फोटो काढला तर या खुणा नकाशासारख्या उठून येतात. सरळ फ्लॅशने त्या सपाट होऊन जातात. फोटोत रंगपट्टी आणि फूटपट्टी हवीच, नाहीतर विटकरी लाल की डाळिंबी हा वाद पुढे मिटत नाही. एखादी फरशी सुटी मिळालीच तर उलटून पाहावी, कारण कंपनीचा छाप पाठीवर असतो. नेटवर फिरणाऱ्या ‘रेट्रो’ फरशांच्या चित्रांत हे काहीच नसतं. धुऊन-पुसून झळाळणारी चार फरश्यांची नक्षी असते आणि खाली पसंतीचे आकडे.

दुसरं साधन म्हणजे घरातले फोटो. इथे एक चमत्कारिक गोष्ट लक्षात येते. मराठी मध्यमवर्गाने आपल्या घराचा फोटो जवळजवळ काढलाच नाही. रोल महाग, फ्लॅशचे बल्ब त्याहून महाग. त्यामुळे कॅमेरा घरात यायचा तो बारशाला, मुंजीला, मंगळागौरीला किंवा गणपतीत, आणि फोटो असायचा माणसांचा. घर मागे चुकून येतं, अर्धवट, खांद्यांच्या फटीतून. आपल्या कामाचं नेमकं तेच.

समजा, मंगळागौरीचा एक कृष्णधवल फोटो आहे आणि पाठीमागे काही लिहिलेलं नाही. डाव्या कोपऱ्यात सरकत्या दारांचं टीव्हीचं लाकडी खोकं दिसतं, वर विणलेला रुमाल आणि प्लॅस्टिकची फुलं. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972ला सुरू झालं, म्हणजे फोटो त्यानंतरचा. भिंतीवर कालनिर्णय आहे, ते 1973पासूनचं. पान ऑगस्टचं असेल तर त्या महिन्याच्या पहिल्या तारखेचा वार भिंगातून वाचता येतो. तो वार कोणत्या वर्षी जुळतो हे पाहिलं की दहा-बारा वर्षांच्या पट्ट्यातून एक-दोनच वर्षं उरतात. वस्तूंवरून मात्र एवढी खात्री मिळत नाही. हॉकिन्सचा कुकर 1959पासून बाजारात आहे, पण फोटोतला कुकर 1959चा की लग्नात मिळून वीस वर्षं वापरलेला, हे कुकर सांगत नाही. वस्तू फक्त ‘याच्या आधीचं नाही’ एवढंच सांगते. म्हणून नोंदीत तारखेचे दोन रकाने असावेत, फोटोची तारीख आणि वस्तूची तारीख, आणि शेजारी कशावरून ठरवलं ते कारण. हे कारण लिहिण्याचा कंटाळा सर्वत्र आढळतो.

सिनेमाचाही मोह होतो. राजा ठाकूर यांचा 1970चा ‘मुंबईचा जावई’ आणि त्यावरून बासू चटर्जींनी 1972मध्ये केलेला ‘पिया का घर’ यांत चाळीतल्या नवविवाहितांना एकांत न मिळण्याचीच गोष्ट आहे. बिऱ्हाडाची दाटी त्यात छान कळते. तरी सेटची भिंत कॅमेऱ्यासाठी काढता येते, खोलीची नाही. सिनेमातली खोली संग्रहात यावी, पण वेगळ्या खणात.

मग येतो शब्दांचा प्रश्न. गेट्टी संस्थेचा कला आणि वास्तू यांचा शब्दकोश जगभरचे संग्रह वापरतात, 2014पासून तो खुल्या स्वरूपात उपलब्ध आहे, आणि एका वस्तूची अनेक नावं एका क्रमांकाखाली बांधायची त्याची पद्धत उत्तम आहे. तीच उचलावी आणि मराठी घराचे शब्द तिच्यात भरावेत. भिंतीतलं दारांचं फडताळ, बिनदाराचा कोनाडा, दिव्यापुरती देवळी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि इंग्रजी साच्यात त्या सहज एक होऊन जातात. उलट कपाट, अलमारी आणि नुसतं ‘गोदरेज’ ही बऱ्याच घरांत एकच वस्तू. शोधणाऱ्याने यातलं काहीही टाइप केलं तरी ती सापडली पाहिजे. सनमायका हे तर एका कंपनीचं नाव, पण सुतारापासून सासूबाईंपर्यंत सगळे कुठल्याही लॅमिनेटला तेच म्हणतात. नोंदीत लोकांचा शब्द ठेवावा आणि खरा उत्पादक माहीत असेल तर वेगळा लिहावा.

गोदरेजवरून आणखी एक. ही कंपनी 1923पासून पोलादी कपाटं करते आणि विक्रोळीत 2006पासून तिचं स्वतःचं अभिलेखागार आहे. कपाटाचा नमुना, रंग, किल्ली यांची माहिती तिथे मिळेल. कपाट घरात आल्यावर त्याच्या लॉकरमध्ये मंगळसूत्राशेजारी रेशनकार्ड राहायला आलं, डोक्यावर बॅगा चढल्या, आरसा असेल तर मुलींनी त्याच्यासमोर वेण्या घातल्या, ही माहिती कारखान्याकडे असणं शक्य नाही.

आजच्या हौशी संग्रहांचा कल सागवान आणि पितळेकडे आहे. त्याला कारण बाजार. वाड्याच्या थाटातली हॉटेलं आणि रिसॉर्ट निघाली, त्यांना बंब, समया, नक्षीच्या चौकटी हव्या असतात. याचा परिणाम असा की 1890चा वाडा आपल्याला 1978च्या फ्लॅटपेक्षा जास्त माहीत आहे. नायलॉनच्या पट्ट्यांची खुर्ची, सोफा-कम-बेड, सनमायकाच्या कडा उखडलेली टीपॉय, मण्यांची तोरणं, शोकेसमधला काचेतला ताजमहाल, दर दिवाळीला ऑइलपेंट फासलेलं स्वयंपाकघर यांना कुणी वारसा म्हणत नाही आणि मोडीतही फारसा भाव येत नाही. त्यामुळे त्या आधी जातात. सत्तरच्या दशकातला सगळ्यात मोठा बदल, बसून करायचा स्वयंपाक उभ्याने होऊ लागला तो, एका ओट्याच्या उंचीत लिहिलेला आहे. ओटा फोडताना ती उंची कुणी मोजत नाही.

मांडणीत माणूस कसा उतरतो याचं एक उदाहरण जतन झालेलं आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1912 ते 1934 या काळात परळच्या बीआयटी, म्हणजे बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या, चाळीत दोन खोल्यांत राहिले आणि मग दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृहात गेले. राजगृह बांधताना पुस्तकांना जागा हा मुख्य विचार होता. तिथल्या स्मारकात त्यांच्या वापरातल्या वस्तू पाहायला मिळतात. चाळीतल्या दोन खोल्यांत माणसं आणि पुस्तकं यांनी जागा कशी वाटून घेतली असेल, हा प्रश्न मात्र राजगृह पाहतानाच पडतो. बीडीडी असो की बीआयटी, चाळीच्या खोलीत भिंतीवर कोणाच्या तसबिरी आहेत, बुद्ध-आंबेडकर, शिवराय, पंढरीचा विठोबा की कारखान्याच्या युनियनचं कॅलेंडर, हे तिथल्या इतिहासाचं पहिलं पान आहे.

याच कारणासाठी संग्रहाने जपूनही असावं. देवघर, तसबिरी, औषधांची फळी, यांवरून जात, धर्म, आजार सगळं वाचता येतं. फोनने काढलेल्या फोटोत ठिकाणाचे अक्षांश-रेखांश दडलेले असू शकतात. मूळ प्रतीत ते राहू द्यावेत, लोकांसमोर ठेवायच्या प्रतीतून काढावेत. मूळ प्रत टीफ स्वरूपात, पाहण्याची जेपेगमध्ये, आणि दोन वेगळ्या शहरांत साठवलेली. फाइलच्या नावात ‘आजीचं घर 2’ लिहू नये, जगात आज्या पुष्कळ. फोटोंवर भारतीय कायद्याने आता छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं प्रताधिकार राहतो, तेव्हा मासिकांतली चित्रं उचलतानाही विचारून उचलावीत.

घर रिकामं करण्याची नोटीस आणि टेम्पो यांच्यामध्ये थोडे दिवस मिळतात. त्यातही सामान बांधायला घेतलं की मांडणी संपली. तेवढ्यात एक तरुण, एक फोन, एक मोजपट्टी पुरते. दारात उभं राहून एक फोटो, मग चार भिंती, छत, जमीन, मग कपाटांची दारं उघडून, मग वस्तू हलवल्यावरची जमीन. सोबत त्या घरातल्या सगळ्यात जुन्या बाईचा आवाज, ती प्रत्येक गोष्टीला बोट लावून सांगताना ध्वनिमुद्रित केलेला. पुरुषमंडळी बहुधा फर्निचर कितीला घेतलं ते सांगतात, कुठे का ठेवलं ते तिला माहीत असतं.

अशी नोंद संगणकात चढवायची म्हटली की डब्लिन कोअर नावाचा साचा समोर येतो. ओहायोतल्या डब्लिन गावी 1995 साली झालेल्या बैठकीतून निघालेला, पंधरा रकान्यांचा, जगभर चालणारा. त्यात एक रकाना ‘निर्माता’ असा आहे. नायगावच्या एका खोलीची नोंद भरत बसलेला मुलगा तिथे अडतो. चाळ सरकारने बांधली, पोटमाळा रत्नागिरीच्या सुताराने ठोकला, कपाट विक्रोळीहून आलं, आणि कॉट विटांवर चढवून मोरीशेजारी ओटा घालून घेतला तो घरातल्या बाईने, मुलगी दहावीला गेली त्या वर्षी. सहसा तो रकाना ‘अज्ञात’ लिहून पुढे सरकवतात. तसं करण्याची गरज नाही. डब्लिन कोअरमधला कुठलाही रकाना हवा तितक्या वेळा भरता येतो. चौघांची नावं चार ओळींत घालावीत, आणि बाईचं घालण्याआधी तिला विचारावं.